पत्रिका देऊन दोन मिनिटांत येतो

पोरगी आत, चावी आत, इंजिन चालू आणि आईबाप बाहेर. मी पोचलो तेव्हा त्या गल्लीत एवढी माणसं जमली होती की वाटलं, लग्न इथंच आहे.

मोताळ्यात माझं गाड्यांच्या एसीचं आणि वायरिंगचं गॅरेज आहे. लॉक झालेली गाडी उघडून देणं हेही त्यातच येतं. उन्हाळ्यात असे फोन येतातच, पण आत लेकरू आहे म्हटल्यावर चहा तसाच टाकून निघालो.

प्रमोदभाऊ चिखलीहून धाकट्या भावाच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला आले होते. सोबत बायको सविता आणि तीन वर्षांची चिऊ. चिऊ मागं झोपली होती, म्हणून भाऊंनी एसी चालू ठेवला आणि आत्याबाईंच्या दारात गेले. आता सांगा, आपल्या वऱ्हाडात दारातून पत्रिका घेऊन कोणी पाहुण्याला परत पाठवतं का? आत्याबाईंनी बसवलंच. नवरा येईना म्हणून सविताताई त्याला बोलवायला गेल्या. त्यांनाही बसवलं. चहा आला. मागून शेवया.

तेवढ्यात चिऊ उठली, पुढं ड्रायव्हरच्या सीटवर आली आणि दारावरचं बटन दाबलं. त्याला सेंट्रल लॉक म्हणतात. एक बटन दाबलं की चारही दारं बंद, पुन्हा दाबलं की उघडी. मग तिनं हॉर्न वाजवला आणि सगळे हातातल्या वाट्यांसकट बाहेर धावले.

"दुसरी चावी?" मी विचारलं.

"चिखलीले हाये, घरी," प्रमोदभाऊ म्हणाले.

मग काय कामाची!

काचेतून वाकून पाहिलं. चिऊ मजेत होती. पण समोर डिझेल संपत आल्याचा पिवळा दिवा लागला होता. म्हणजे इंजिन कधीही बंद पडणार, आणि इंजिन बंद तर एसीही बंद. मे महिन्याच्या दुपारी बंद गाडीची भट्टी व्हायला वेळ लागत नाही, आणि लहान लेकराचं अंग मोठ्या माणसापेक्षा फार लवकर तापतं. हे मी सविताताईंना सांगितलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

दाराच्या वरच्या फटीत मी रबरी पिशवी सरकवली आणि पंप मारला. पिशवी फुगते, दार बोटभर वाकतं, त्यातून लांब सळई आत घालायची आणि बटन दाबायचं. सोपं काम आहे, आतलं माणूस गप्प बसलं तर.

चिऊनं सळईचं टोक पकडलं आणि ओढलं. मी ओढलं. तिनं पुन्हा ओढलं. ती खदाखदा हसत होती आणि मी घामानं निथळत होतो.

"सोड माय, सोड!" मी विनवलं.

"चिऊ, थे बटन दाब, बटन!" अख्खी गल्ली ओरडली.

तिनं स्टिअरिंगजवळची दांडी ओढली. काचेवर पाण्याचे फवारे उडाले, वायपर सुरू झाले आणि बोनेटवर वाकून हातवारे करणाऱ्या आत्याबाईंचं तोंड धुऊन निघालं. गल्ली हसली. खरं सांगतो, मीही हसलो.

आणि इंजिन थडथडून बंद पडलं.

हसणं जागच्या जागी थांबलं. चिऊ अजून थोडी खेळली, मग तिनं सळई सोडली. गाल लाल झाले, केस कपाळाला चिकटले. तिनं काचेला हात लावला, "आई" म्हणाली आणि रडायला लागली. मी घाईनं सळई बटनावर टेकवली, ती दोनदा निसटली.

"काच फोडतो," मी म्हणालो.

"एकडाव अजून पाहा न भाऊ," प्रमोदभाऊ चाचरले. "गाडी आमच्या जावयाची, बहिणीच्या नवऱ्याची हाये हो!"

सविताताई उसळल्या. "जावयाचं कायले पाहून राह्यले तुमी? लेकरू पाहा! फोडा भाऊ!"

आत्याबाईंनी चिऊला पुढच्या काचेकडं बोलावून तिथंच गुंतवलं आणि मी पलीकडच्या मागच्या दाराच्या काचेच्या कोपऱ्यात पंच मारला. पंच म्हणजे टोकदार लोखंडी खिळा. बाजूची काच मधोमध ठोकून लवकर फुटत नाही, कोपऱ्यात फुटते आणि तिचे खडीसाखरेएवढे तुकडे होतात. हात घालून दार उघडलं, तिला उचललं. अंग चांगलंच तापलं होतं. सावलीत नेऊन ओल्या फडक्यानं पुसलं, घोट घोट पाणी पाजलं, दवाखान्यात दाखवून आणलं. सुखरूप होती. प्रमोदभाऊ ओट्यावर बसून हमसून रडले. जावयाचं नावही काढलं नाही.

"पण भाऊ, एसी तं चालू होता न," ते शेवटी म्हणाले.

"एसी इंजिनावर चालतो, तुमच्या भरवशावर नाही," मी खेकसलो. नंतर वाईट वाटलं, पण खोटं बोललो नव्हतो.

पुढच्या प्रत्येक घरी म्हणे चिऊ कडेवर होती. मग लेकराला बिस्किट, लेकराला दूध, लेकराची दृष्ट. निम्म्या पत्रिका त्या दिवशी राहून गेल्या आणि एक मावसकाका रुसले ते रुसलेच.

रुसू द्या. रुसलेल्या काकांची समजूत लग्नाच्या दिवशीही काढता येते.