अकरा मिनिटांचा संशय

प्रियदर्शनी आदिलाबादला लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग, म्हणजे एडिटिंग, करते. मी फोटोग्राफर; माझी निम्मी लग्नं तिच्याच हाताखालून जातात. तिचे वडील खुशाल गुरुजी जैनथच्या मराठी शाळेतून रिटायर झालेले. आई ताराबाई लेकीबद्दल कुणालाही एकच गोष्ट सांगतात, "माही पोरगी भाजीवालीचा काटा उलटा करून पाहाते, मंग कोथिंबीर घेते."

ही सवय तिला होतीच, पण तीन वर्षांपूर्वी ती पक्की झाली. तिनं ऑनलाइन एक वापरलेलं ग्राफिक कार्ड मागवलं होतं. व्हिडिओचं जड काम कॉम्प्युटरमध्ये हे कार्डच ओढतं, त्यामुळे आमच्या धंद्यात सगळा जीव त्याच्यात. स्क्रीनवर कार्डाचं नाव बरोबर दिसत होतं आणि काम मात्र हलत नव्हतं. शेवटी तिनं स्वतः पंखे काढून आतली चिप पाहिली. चिप दहा वर्षांची म्हातारी निघाली. कुणीतरी तिच्यावर नव्या कार्डाचं नाव चढवून दिलं होतं. विकणाऱ्याचा फोन तोवर बंद झाला होता.

त्यानंतर ती गावातच, प्रवीणच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून माल घ्यायला लागली. प्रवीण बेला गावाकडच्या शेतकरी घरातला, तिच्यापेक्षा पाचसात वर्षांनी मोठा. तिचा पहिला कॉम्प्युटर त्यानंच जोडून दिला होता. ती त्याला भाऊ म्हणे, तो तिला ताई.

यंदा कार्डांची नवी मालिका बाजारात आली आणि आमच्या फोटो-व्हिडिओवाल्यांच्या ग्रुपवर एकच चर्चा सुरू झाली. तेलुगूत, हिंदीत व्हिडिओ यायला लागले. मागच्यापेक्षा चाळीस टक्के वेगवान, असा रंगीत पट्ट्यांचा तक्ता प्रत्येकात. मी एक तिला पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"कोणत्या मागच्यापेक्षा? आन कोणत्या मशीनवर घातलं हे कार्ड? ते काऊन नाही सांगत हा मानूस?"

"मला काय माहीत. चांगलं दिसून राह्यलं."

"दिसूनच राह्यलं."

तिनं आठवडाभर ते तक्ते तपासले. एक गोष्ट तिच्या नजरेत आली, जी आमच्यापैकी कुणालाच दिसली नव्हती. एकाच नावाची दोन कार्डं होती, एक आठ जीबी मेमरीचं, एक सोळाचं. बरेचजण वेग दाखवत सोळाचा आणि किंमत सांगत आठची. तिनं ते ग्रुपवर टाकलं. लोकांनी लाइकचे अंगठे टाकले आणि विसरून गेले. सोळाचं कार्ड तिच्या आवाक्याबाहेर होतं, म्हणून सगळा विचार करून तिनं आठचंच घेतलं. प्रवीणनं ते एकतीस हजारांना दिलं. मोठ्या शहरांतल्या दुकानांपेक्षा दोन हजारांनी कमी, आणि ते दोन हजारच तिला टोचत राहिले. हा स्वस्त कसा काय देतो?

तिचं माप ठरलेलं होतं. इंद्रवेल्लीच्या एका लग्नातला चार मिनिटांचा तुकडा, मांडव, हळद, ड्रोनचं चित्रण, सगळे इफेक्ट घातलेला. जुन्या कार्डावर तो तयार व्हायला चौदा मिनिटं लागत. नव्यावर सहाच्या आत व्हायला हवा, असा तिचा हिशेब. दुपारी तिनं कार्ड बसवलं, घड्याळ लावलं. अकरा मिनिटं. पुन्हा लावलं. पुन्हा अकरा.

स्क्रीनवर कार्डाचं नाव अगदी बरोबर होतं. मागच्या वेळीही होतं.

तिनं खोका उलटापालटा करून पाहिला. सीलच्या कडेला एक सुरकुती होती. बस्स, तेवढ्यानं तिचं मन ठरलं. तिनं ग्रुपवर लिहिलं, "नवं कार्ड घेणाऱ्यांनी सावध राहा. आपल्या गावातल्या एका दुकानात नकली माल येऊन राह्यला."

नाव घेतलं नव्हतं. पण नवी कार्डं गावात एकाच दुकानात होती. संध्याकाळपर्यंत दोघांनी प्रवीणकडची ऑर्डर मोडली. त्यातला एक मी. मी त्याला साधं विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कार्ड आणि पेनड्राइव्हवर तो लग्नाचा तुकडा घेऊन दुकानात गेली. मीही गेलो, माझे ॲडव्हान्सचे पैसे परत घ्यायचे होते. प्रवीण भांडला नाही. त्यानं तिच्या हातातलं कार्ड घेतलं, दुकानातल्या मशीनमध्ये बसवलं आणि म्हणाला, "लावा तुमचं लग्न."

पाच मिनिटं पन्नास सेकंद.

"तुमचा प्रोसेसर जोरदार आहे," ती म्हणाली. "त्यानं ओढलं असंन."

"मंग तुमचा डबा घेऊन या इथं."

ती खरंच गेली आणि ऑटोत मांडीवर कॅबिनेट धरून परत आली. प्रवीणनं तिच्यासमोर दुसरा सीलबंद खोका फोडला, ते कार्ड तिच्या मशीनमध्ये घातलं. आम्ही तिघंही स्क्रीनकडे बघत बसलो. अकरा मिनिटं.

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दोन्ही नकली असतील, हा विचार तिच्या मनात येऊन गेला असणार. तशी ती क्षणभर कपाटातल्या खोक्यांकडे बघत राहिली. मग तिनं स्वतःच्या कॅबिनेटचं झाकण काढलं आणि सगळे भाग ज्यावर बसतात त्या मदरबोर्डावरचा नंबर मोबाइलमध्ये शोधायला लागली. बराच वेळ वाचत होती.

"माहा बोर्ड सात वर्षांचा आहे," शेवटी ती म्हणाली. "ह्या कार्डाला बोर्डाशी बोलायच्या वाटाच आठ. नव्या बोर्डावर त्या वेगवान, म्हणून भागते. माह्या बोर्डावर त्याच वाटा धीम्या. आठ जीबी भरली का सारा माल त्या वाटेनं ये-जा करते, आन तिथंच कोंडी होते."

"म्हंजे कार्ड असली?" मी विचारलं.

प्रवीणनं शेल्फवरून मागच्या मालिकेतलं एक कार्ड काढलं. बारा जीबीचं, सोळा वाटांचं, साडेचोवीस हजारांचं. त्यावर तिच्या मशीनमध्ये तोच तुकडा सात मिनिटांत उतरला. साडेसहा हजारांनी स्वस्त आणि तिच्या बोर्डावर नव्याहून चांगलं. तक्त्यात हे कुणीच दाखवलं नव्हतं, कारण तक्तेवाल्यांची सगळी मशीनं नवीकोरी होती. व्हिडिओंवरचा तिचा संशय खरा ठरला होता. पण ते म्हणायची ती वेळ नव्हती.

"भाऊ, सील सुरकुतलेलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली.

"उन्हात सुरकुतते ते. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"चुकलं माहं. ग्रुपवर लिहिते मी."

"लिवा. पन पहिल्यांदा नाव न घेता लिवलं होतं. आता नाव घेऊन लिवा."

तिनं तिथंच काउंटरवर उभं राहून लिहिलं. प्रवीणच्या दुकानाचं नाव, स्वतःच्या बोर्डाचं वय, दोन्ही कार्डांच्या किमती आणि मिनिटं, आणि शेवटी, "चूक माझी होती, माल असली आहे." पाठवायच्या आधी तिनं फोन प्रवीणकडे धरला. त्यानं वाचला नाही, नुसती मान हलवली. मी ऑर्डर पुन्हा देतो म्हणालो, तर तो म्हणाला, "आधी आपला बोर्ड पाहून या."

त्यानं नवं कार्ड परत घेतलं, बारावालं दिलं, उरलेले पैसे मोजून तिच्यापुढे ठेवले. पण त्या दिवशी त्यानं चहा सांगितला नाही. एरवी न विचारता येतो.

तिचा तो मेसेज लोकांनी मनावर घेतला. आता नवं कार्ड घ्यायच्या आधी दहाजण तिलाच बोर्डाचा फोटो पाठवतात, आणि ती दोनदा तपासल्याशिवाय उत्तर देत नाही. प्रवीणचा धंदाही त्यामुळे वाढला. पण परवा त्याच्याकडे सोळा जीबीवाल्या कार्डांचा नवा माल स्वस्तात आला, तेव्हा त्यानं मला फोन केला, तिला नाही. तिला ते माझ्याकडून कळलं.

"किती दिवस झाले येऊन?" तिनं विचारलं.

"चार."

"त्यालाच विचारून येते," म्हणत ती उठली. मग पायात चपला घातल्या आणि दुकानाकडे निघाली.