गल्लत की गफलत

चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचाच पगार घ्यायचा. हे काम मला इतकं मानवलं की सुट्टीच्या दिवशीही थांबवत नाही. रावेतला आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये 'कृपया दार हाळू लावा' अशी पाटी होती. तिथला जास्तीचा काना मी स्वतःच्या पेनाने खोडला, तेव्हा कुठे मला दार हळू लावावंसं वाटलं. नवरा म्हणतो, "तू लग्नपत्रिका वाचत नाहीस, तपासतेस." आता पत्रिकेत चुका असतील तर त्यात माझा काय दोष.

मराठी घेऊन बीए केलेली कारखान्याच्या आमच्या विभागात, म्हणजे शॉपमध्ये, मी एकटीच. त्यामुळे कुणाला नोटीस आली की तो खुलासा लिहून घ्यायला माझ्याकडे येतो. उशिरा आल्याचे, सेफ्टी शूज न घातल्याचे, एकदा तर कॅन्टीनमध्ये तिसऱ्यांदा श्रीखंड घेतल्याचे खुलासे मी लिहिले आहेत. 'सदर पदार्थाचे सेवन अनवधानाने घडले' हे वाक्य माझंच. तो माणूस सुटला आणि माझा भाव वधारला. तिथून माझं जरा बिघडलंच.

आमच्याकडे पॅकिंगला मराठवाड्यातला एक माणूस आहे. तिशीचा, अबोल, कामाला चोख. तीन वर्षं ट्रेनी म्हणून काढून तो पुढच्या महिन्यात कायम होणार होता. बायको आणि लेक गावी होत्या, इथे एक खोली बघून ठेवली होती, आणि कायम झाल्याचं पत्र हातात पडलं की दोघींना आणायचं ठरलं होतं. हे सगळं त्याने मला एकदाच सांगितलं होतं, पण ते सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता की माझ्या लक्षात राहिलं.

गाडीच्या आरशाचे ब्रॅकेट तो पेट्यांत भरतो. डावा आणि उजवा दिसायला सारखेच, फक्त वळण उलटं. डाव्याच्या पेटीला पिवळं लेबल, उजव्याच्या पेटीला हिरवं, हे तीन वर्षं चाललं. एका सोमवारी कुणीतरी रंगांची अदलाबदल केली. का केली, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तशी सूचना ऑफिसबाहेरच्या फळ्यावर इंग्रजीत लागली आणि पॅकिंगपर्यंत पोचलीच नाही. या गड्याने नेहमीप्रमाणे पिवळ्यात डावे भरले, हिरव्यात उजवे भरले, आणि ज्या कंपनीला माल गेला तिची गाड्या जोडायची लाईन बंद पडली. दुसऱ्या दिवशी त्याला नोटीस आली.

चहाच्या सुट्टीत तो कागद घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "ताई, मी डाव्या-उजव्यात गल्लत केलो. तेवढंच लिवा."

मला हसू आलं. म्हटलं, "केलो नाही रे, केली. आणि गल्लत काय, ती बाजारात मेथी-शेपूत होते. कंपनीच्या कागदावर जरा वजनदार शब्द हवा." मग मी झोकात लिहिलं: 'सदर दिवशी माझ्या हातून गफलत झाली, याबद्दल मी मनःपूर्वक दिलगीर आहे.'

त्याने कागद सावकाश वाचला. "ताई, गफलत म्हंजे गल्लतच ना?"

"तीच," मी म्हटलं, "पण शिकलेली."

त्याने सही केली.

तीन दिवसांनी पॅकिंगच्या टेबलावर दुसराच माणूस दिसला. फोन केला तर हा म्हणाला, "घरी थांबा म्हनलेत, ताई. निकाल लागंपर्यंत." माझ्याबद्दल एक वावगा शब्द नाही. मी तशीच एचआरच्या साहेबांकडे गेले. साहेब जुन्या वळणाचे, चष्मा कपाळावर ठेवून वाचणारे. त्यांनी माझ्या सुरेख अक्षरावर बोट ठेवलं.

"गफलत म्हणजे बेसावधपणा. कामात लक्ष नव्हतं, असं हा माणूस स्वतःच लिहून देतोय. मी त्याला कायम कसा करू?"

"साहेब, त्याचं लक्ष होतं. लेबलांचे रंग बदलले होते, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं."

"मग ते इथे कुठे लिहिलंय?"

कुठेच नव्हतं. मनःपूर्वक दिलगीर व्हायला मला जागा सापडली होती, लेबलांना सापडली नव्हती. त्याचा 'केलो' मी सुधारला आणि खरी हकीकत बिघडवून ठेवली.

साहेब पुढे म्हणाले, "मी त्याला विचारलं, ही भाषा तुझीच का. म्हणाला, होय साहेब, माझीच." आणि चष्मा नाकावर घेऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भाषा माझी आहे," मी म्हटलं.

साहेबांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "मग तुमचा खुलासा द्या."

दुसऱ्यांचे डझनावारी खुलासे लिहिलेल्या बाईला स्वतःच्या खुलाशासाठी चार कागद फाडावे लागले. पहिल्यात तर मी 'अनवधानाने' लिहून बसले होते. शेवटी जे उरलं ते असं: 'लेबलांचे रंग बदलल्याचे न कळवल्यामुळे कामगाराची डाव्या-उजव्यात गल्लत झाली. त्याने मला हाच शब्द सांगितला होता. मी गल्लत आणि गफलत यांत गल्लत केली. अर्थ न तपासता त्याची सही घेतली, ही माझी गफलत.'

साहेबांनी दोनदा वाचलं. फळ्यावरची सूचना मागवली, तारीख पाहिली, आणि एवढंच म्हणाले, "आता शब्द जागच्या जागी आहेत." तो सोमवारी कामावर आला. माझ्या फाईलला एक ताकीद लागली, आणि शॉपमध्ये मला 'शिकलेली गल्लत' असं नाव पडलं. दोन्ही मला मिळायलाच हवं होतं.

पुढच्या महिन्यात तो कायम झाला. पेढे दिले आणि मागोमाग रजेचा अर्ज लिहून मागितला, बायको-लेकीला आणायला जायचं होतं म्हणून. मी कागद-पेन त्याच्याच हातात दिलं. म्हटलं, "तूच लिही. तुझे शब्द बरोबर असतात."

त्याने खाली मान घालून, एकेक अक्षर दाबून लिहिलं: 'मी गावाकडं जाऊन माझ्या दोघी मानसाला आणायचं ठरवलो आहे. चार दिवस रजा द्यावी.'

'ठरवलो' पाहून माझा हात सवयीने पेनाकडे गेला. तो मी तसाच मागे घेतला आणि अर्ज साहेबांकडे नेऊन दिला. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन तो वाचला, एकाही अक्षराला हात लावला नाही, आणि खाली पाच दिवस मंजूर केले.