पाण्याचा चष्मा

परवा एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, पोलरायझर घेऊ का?" तिला दाखवायला कॅमेऱ्यावरच्या त्या फिल्टरची रिंग फिरवली आणि खदानीवरची ती दुपार आठवली.

ज्याच्या मजुरीवर मी पदवीधर झालो, तो दादा पाण्यावरची चमक घालवून तळ दाखवणाऱ्या या फिल्टरला हसून 'पाण्याचा चष्मा' म्हणायचा. एके दिवशी तो घरी आलाच नाही. बंद खदानीच्या काठावर त्याच्या चपला सापडल्या. आत साचलेल्या पाण्यावर नुसतं आभाळ चमकत होतं.

आई म्हणाली, "तुह्या त्या चष्म्यातून पाह्य ना बाबू. खाली दादा हाये काय?"

मी रिंग फिरवली. पाण्यावरचं आभाळ पुसलं गेलं. खाली दादाचा निळा सदरा हलत होता.

मी रिंग उलटी फिरवली. आभाळ परत आलं. कॅमेरा मात्र डोळ्यावरून काढवेना.

आई पाण्याकडे पाहतच नव्हती. रिंगवरचा माझा हात धरून म्हणाली, "राहू दे बाबू. दिसला तुले."