व्याह्यांनी शाकारलेली खोली

आमच्या घराचा स्लॅब पडला त्या दिवशी मी गल्लीभर मिरवलो होतो. कौलारू घर पाडून पक्कं छत घातलं की कोल्हापुरात माणूस आपोआप दोन बोटं उंच होतो. गवंड्यांना मटणाचं जेवण घातलं, जुनी कौलं फोडून भरावात गाडली आणि वरची मोठी खोली लेकीसाठी राखली. खाली भाड्यानं दिलेलं दुकान, स्वैपाकघर आणि आम्हा दोघांची अंधारी खोली. पहिल्याच उन्हाळ्यात वरच्या खोलीनं माझी मिजास उतरवली. दिवसभर तापलेलं सिमेंट रात्रभर आग ओकायचं आणि पंखा तीच आग खाली ढकलायचा.

पुढच्या वर्षी लेकीला दिवस गेले. तारीख एप्रिलच्या अखेरची निघाली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं ठरलेलंच. पण एके दिवशी कागलहून, तिच्या सासरहून, फोन आला.

"बाबा, रागावू नका. बाळंतपण इकडंच करूया का? त्या खोलीत मलाच झोप लागत नाही, बाळाला कसं ठेवू?"

बायकोनं पदर डोळ्यांना लावला. मी तडक एसी आणायला निघालो, तर तिनं दारातच अडवलं. "बाळंतिणीला शेकायचं का गारठवायचं?" डॉक्टर काहीही म्हणोत, या विषयात घरात तिचाच शब्द चालतो. एसीवाचून खोली गार होत नव्हती आणि खोली गार झाल्यावाचून लेक येत नव्हती. मी पुरते हात टेकले.

त्याच आठवड्यात व्याही काही कामानं आले. शेतकरी माणूस, बोलणं मोजकं. मुलीच्या बापानं व्याह्यांपुढं जरा नमूनच असावं ही रीत मी इमानेइतबारे पाळतो, त्यामुळं ते आले की मी खुर्चीच्या कडेवरच बसतो. सुनेची खोली बघतो म्हणून ते वर गेले आणि घाम पुसत खाली आले.

"पावणं, ही खोली न्हवं, भट्टी हाय की."

एवढंच बोलून निघून गेले. मला वाटलं, संपलं. आता लेक काही येत नाही.

दोन दिवसांनी सकाळीच दारात ट्रॅक्टर उभा. ट्रॉलीत भाताच्या पिंजारात रचलेली कौलं. व्याह्यांनी म्हशींच्या गोठ्यावर पत्रा घातला होता, त्याची ही उतरवलेली कौलं. माझ्यापेक्षा वयानं मोठी.

"एकदा भाजल्याली हायत, आता नातवंडांस्नी बी पुरत्यात," व्याही म्हणाले.

वेल्डरनं स्लॅबवर हातभर उंचीचा उतरता सांगाडा उभा केला. कौलं आणि स्लॅब यांच्यामधून वारं खेळणार होतं. मग ज्या माणसाला मी पाण्याचा तांब्यासुद्धा दोन्ही हातांनी देतो, तो डोक्याला टॉवेल गुंडाळून जिन्यानं कौलं वाहू लागला. मी त्यांच्या हातातली पाटी ओढली.

"अहो, तुम्ही नका. लोक काय म्हणतील?"

"म्हणूदेत की! हितं निजणार ती माझी लेक न्हाय व्हय?"

मी दुसरी पाटी उचलली. लेक दिली त्या दिवशी मनात बसलेली भीती त्या जिन्यावर गेली. ह्या माणसाचे उपकार मला कधी तोंडानं मानता आले नाहीत, म्हणून इथं लिहितोय.

खोलीचं काही थंड हवेचं गगनबावडा झालं नाही. पण भर दुपारी स्टुलावर चढून आतून छताला हात लावला तर चटका बसेना आणि रात्री एका पंख्यावर भागू लागलं. लेक आली. नात झाली. एसीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

सव्वा महिन्यानं व्याही दोघींना न्यायला आले. ऊन कलल्यावर निघायचं ठरलं. जेवण झाल्यावर ते नातीला घेऊन वर जरा आडवे झाले. ऊन कललं, गल्लीत सावल्या लांबल्या, तरी वरून हालचाल नाही. मी जिना चढून गेलो. व्याही घोरत होते आणि त्यांच्या दंडाला टेकून नात पाय पसरून झोपली होती. लेक दारात भरलेल्या पिशव्यांपाशी उभी होती. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

मी पिशव्या उचलून परत आत नेऊन ठेवल्या.