मापाचा ब्लाऊज

धीर हा गुण देवाने मला देताना हात आखडता घेतला. सुईत दोरा दुसऱ्या खेपेला गेला नाही तर सुई भिरकावून देणारी मी. शिवणक्लासला जाईन असं कुणी म्हटलं असतं तर आमची अख्खी बिल्डिंग हसली असती. पण आईनेच मला पिटाळलं. बी.कॉम.ची परीक्षा देऊन मी घरी बसले होते आणि आई मुंबईहून ऑपरेशन करून नुकतीच परतली होती. औषध घेतलंस का, दमलीस का, पडतेस का, असं मी दिवसभर तिच्या मागे मागे करायची. शेवटी ती वैतागली. माझ्या तोंडाकडे टकामका बघत बसू नकोस म्हणाली, जा, निदान स्वतःचा ड्रेस तरी स्वतः शिवायला शीक.

ऑपरेशन कसलं, हे आमच्या घरात कुणी बोलत नसे. डॉक्टरांनी आईचा डावा स्तन काढला होता. आम्ही फक्त ‘ते झालं’ म्हणायचो, ‘त्यातून ती उठली’ म्हणायचो. बाबा न्हावा शेव्याला बंदराच्या कचेरीत होते. ते तर ‘ते’सुद्धा म्हणत नसत. घरी आले की तब्येत कशी आहे एवढं विचारायचे आणि उत्तर येण्याआधीच पाय धुवायला जायचे.

आई घराबाहेर पडेनाशी झाली होती. ही बाई एरवी नवीन पनवेलहून रेल्वे ओलांडून चालत जुन्या पनवेलच्या बाजारात जायची, एकेक वांगं हातात घेऊन बघायची आणि भाजीवालीशी कडाकडा भांडून हसत परत यायची. आता पनवेलच्या घामाच्या धारा लागणाऱ्या उन्हाळ्यात ती घरातही शाल गुंडाळून बसे. दाराची बेल वाजली की आधी हात छातीपाशी जाई. जुने ब्लाऊज डावीकडे रिकामे लोंबायचे. कुणीतरी सांगितलं म्हणून तिने आत रुमालाची घडी ठेवून पाहिली. ती घडी जरा हात वर केला की गळ्याशी यायची. भाजी बाबा आणायचे, आणि बाबांना किडकं वांगं आणि चांगलं वांगं यातला फरक शेवटपर्यंत कळला नाही.

टेलरकडून नवे ब्लाऊज शिवून घ्यावेत, तर तिथेच अडलं होतं. आमच्याकडच्या बायका टेलरला अंगाचं माप देत नसत. नीट बसणारा एक जुना ब्लाऊज नेऊन द्यायचा, टेलर त्यावरून नवा शिवायचा. तो मापाचा ब्लाऊज. आईचा असा एक राखाडी ब्लाऊज वर्षानुवर्षं बाजारातल्या टेलरमास्तरांकडे ये-जा करत होता. आता तो तिचं माप राहिला नव्हता आणि दुसरं माप ती कुणाला घेऊ देणार नव्हती.

क्लास जुन्या पनवेलमध्ये एका घराच्या पुढच्या खोलीत चालायचा. आमच्या बाई मूळच्या पनवेलजवळच्या नेरे गावच्या. आवाज खणखणीत, हातात कायम लाकडी पट्टी. त्यांचे नियम दोनच, आणि रोज सकाळी देवाचं नाव घ्यावं तसे त्या ते ऐकवायच्या. “कापड दुमडल्याबिगर कात्री लावायची नाय. आन् खडू नेहमी उलट्या अंगाला.” म्हणजे कापडाची दुहेरी घडी घालायची, उलट्या बाजूने खडूने आखायचं आणि एकदाच कापायचं. दोन्ही बाजू आपोआप सारख्या निघतात. छातीचं माप घ्यायचं आणि त्याचा चौथा भाग आखायचा. शिवणकामाचं सगळं गणित माणसाच्या दोन बाजू सारख्या असतात यावर उभं आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

मी आधी माझा पंजाबी ड्रेस शिवला. गळा इतका मोठा कापला की तो खांद्यावर राहीचना. मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, अरुंद झाल्यामुळे हात वर करता येत नव्हता. मी तो ड्रेस चुरगाळून कोपऱ्यात फेकला. आईने तो उचलला, झटकला आणि गंभीरपणे सांगितलं, की याला गळ्याशी नाडी लावली तर पिशवी चांगली होईल. त्या पिशवीत पुढे आमच्याकडे बरीच वर्षं कांदे होते. दुसरा ड्रेस मात्र घालण्यासारखा झाला, आणि मला चांगलीच शिंगं फुटली. मी आईला म्हटलं, तुझा ब्लाऊज मीच शिवते.

ती नको म्हणाली. मी परत विचारलं, ती परत नको म्हणाली. मग माझं डोकं फिरलं.

“मग काय जन्मभर शाल पांघरून बसणार आहेस?”

ती उठून आतल्या खोलीत गेली. मला वाटलं, संपलं, आता ही दोन दिवस बोलणार नाही. पण थोड्या वेळाने तिने आतून हाक मारली, टेप घेऊन ये म्हणून. मी गेले तेव्हा शाल पलंगावर होती आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. मग वळली. मी ते पहिल्यांदाच पाहिलं. तोपर्यंत ड्रेसिंग बाबाच करायचे, दार लावून. सपाट जागा, आणि काखेपासून छातीच्या मध्यापर्यंत आलेला लांब व्रण. मला भीती वाटली, आणि माझी भीती तिला दिसेल याची त्याहून जास्त वाटली. मी टेप लावली. उजवीकडचं माप वेगळं घेतलं, डावीकडचं वेगळं. ती छताकडे बघत होती. टेप गार आहे, एवढंच म्हणाली.

क्लासमध्ये कुणाला कळता कामा नये, अशी तिची अट होती. त्यामुळे बाईंना विचारायची सोय नव्हती. मी घरीच फरशीवर बसकण मारली. जुन्या वर्तमानपत्राचे दोन पुढचे भाग कापले: उजवा नेहमीसारखा, उभारासाठी टक्सच्या चुण्या घातलेला, डावा सपाट, टक्स नसलेला. कापड आणलं होतं बारीक फुलांचं, छापील. आयुष्यात पहिल्यांदा मी ते न दुमडता एकेरी पसरलं. शेजारच्या काकूंचं हातमशीन मागून आणलं, आणि कधी नव्हे ती न चिडता, उसवून परत शिवत, तो ब्लाऊज पुरा केला.

आईने तो घातला, हुक लावले, आणि आम्ही दोघी आरशात बघायला लागलो.

सपाट बाजू उजवीकडे आली होती. तिकडे तो इतका ताणला होता की हुक तुटायच्या बेतात होते, आणि डावीकडे ऐसपैस टक्स घातलेली जागा रिकामी लोंबत होती. काय झालं ते मला उभ्या उभ्या कळलं. एक नियम मोडला होता आणि दुसरा इमानेइतबारे पाळला होता. कापड दुहेरी असतं तेव्हा उलट्या अंगाने आखलं म्हणून काही बिघडत नाही. एकेरी कापडावर उलट्या अंगाने आखलं, की सुलटं केल्यावर डावं ते उजवं होतं. हिला आता काय वाटत असेल, या विचाराने मला तिच्याकडे बघवेना.

आईने आरशात एका बाजूला वळून पाहिलं, दुसऱ्या बाजूला वळून पाहिलं. मग म्हणाली,

“अगं, डॉक्टरांनी डावं काढलं, तू उजवं काढलंस.”

आणि ती हसायला लागली. आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्याने, मग व्रण दुखतो म्हणून हाताने दाबून धरत. मीही हसले, आणि हसता हसता मला हुंदका फुटला. गेल्या कित्येक महिन्यांत न रडलेलं सगळं रडणं एकदम आलं. तिने मला जवळ घेतलं. त्या सपाट बाजूला माझं डोकं टेकलं होतं आणि तिने ते बाजूला केलं नाही.

बाबा घरी आले तेव्हा आम्ही दोघी पलंगावर डोळे पुसत बसलो होतो. घाबरून त्यांनी काय झालं विचारलं. आईने त्यांनाही ते वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. ते एकदम खुर्चीत बसले आणि उगाचच बुटाच्या नाड्या सोडत राहिले, कितीतरी वेळ. मग तोंड वर न करता म्हणाले, “दुसरं कापड मी आणतो.” त्यांनी आणलेलं कापड भडक केशरी होतं. आम्ही हूं की चूं केलं नाही.

केशरी ब्लाऊज बसला. आईने डाव्या बाजूवरून हात फिरवला, वर केला, खाली केला. आत रुमाल नव्हता, त्यामुळे काही गळ्याशी आलं नाही. मी जाहीर केलं की यापुढे तुझे सगळे ब्लाऊज मीच शिवणार. तिने माझी हुकांजवळची शिलाई आणि काजं निरखली आणि म्हणाली, प्रेम आहे गं यात, पण काजं बघवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तो धुऊन, वाळवून, इस्त्री करून पिशवीत घातला आणि चपला पायात सरकवल्या. मी धावत शाल आणली. ती म्हणाली, राहू दे, उकडतंय. आम्ही रेल्वे ओलांडून बाजारात गेलो, वाटेत दोनदा टेकत.

टेलरमास्तरांनी ब्लाऊज टेबलावर पसरला, दोन्ही बाजू जुळवून पाहिल्या आणि माझ्याकडे बघून हसले. नवशिक्यांचे प्रताप त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

“वहिनी, घरी शिवलाय वाटतं. डावी बाजू चुकलीये. नीट करून शिवू ना?”

आईचा हात वर उचलला गेला. मला वाटलं, आता तो पदराकडे जाणार. पण तिने तो ब्लाऊजवर ठेवला, त्याच्या डाव्या बाजूवर.

“चुकलेली नाही,” ती म्हणाली. “माझी तशीच आहे. यापुढे हाच मापाचा.”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून ब्लाऊजची हलक्या हाताने घडी घातली. “तशीच शिवतो,” म्हणाले.

आम्ही बाहेर आलो. मला काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण आई थांबायला तयार नव्हती. ती भाजीवालीच्या टोपलीपाशी पोचलीही होती, आणि एकेक वांगं उचलून बघत होती.