कुंडीतला रणगाडा

गॅलरीत बसून मी तळहाताएवढ्या रणगाड्यावर एअरब्रशने हिरवे पट्टे फवारत होतो. त्याचे सुटे भाग आम्ही दोघा भावांनी मिळून जोडले होते. रंगाची वेळ येण्याआधीच धाकट्याने आमचं दोघांचं दुकान बळकावलं. ते आठवलं की डोकं भडकतं, हात फार जवळ जातो आणि रंग ओघळतो.

“भाऊजी फार आजारी आहेत म्हणे. एक फोन करा ना,” बायको म्हणाली.

“त्याने करावा आधी! मी का वाकू?”

भाव करताना गरज चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही, हे मीच त्याला शिकवलं. पठ्ठ्या पक्कं शिकला. आता दोघंही गरज लपवून बसलोय.

ओघळ पुसून पुन्हा फवारलं. वाळल्यावर रणगाडा कुंडीतल्या पानांत ठेवला, तर दिसेनासाच झाला. शोधायला मात्र कुणी येणार नाही.