काळ्या पिशवीतला तिसरा हात

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाणारा माणूस मी. बी.एस्सी. फिजिक्स, घरातला पहिला ग्रॅज्युएट. हे आजही छाती फुगवून सांगतो. तरी लिहितोय, कारण घडलं ते भर दुपारी, माझ्याच हातांच्या बाबतीत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी राहायला जोगेश्वरीत, शूटिंग खाडीपलीकडच्या मनोरी गावात, एका जुन्या घरात. कॅमेरा असिस्टंट म्हणून पहिलाच सिनेमा. प्रेमकथा, पण 'आर्ट'वाली... हिरो-हिरॉईन एकमेकांना शिवतही नव्हते. दिग्दर्शकाने दिवे आणलेच नव्हते. ती ओटीवर बसायची, तो दारापलीकडून जायचा आणि भिंतीवरचा उन्हाचा पट्टा तिच्याकडे सरकत राहायचा — बस, हेच प्रेम! त्या शूटिंगच्या घराची मालकीण हिराबाय रोज विचारायची, "काय रे, भांडलीत काय दोघं? बोलत का नाय?"

एका सकाळी त्या उन्हाच्या पट्ट्याचा चार मिनिटांचा शॉट एका टेकमध्ये ओके झाला. कॅमेरामन देसाईकाका चक्क डोळे पुसत होते. तासाभरात हिरॉईन मार्वेच्या बोटीने गेली. तिच्या तारखा संपल्या. शॉट परत घेणं शक्यच नव्हतं.

दुपारी काका ओरडले, "अरे ग्रॅज्युएट, रीळ भर लवकर! ऊन चाललंय."

नवी रिळं परवडत नव्हती, म्हणून मोठ्या सिनेमांची उरलेली कोरी फिल्म आम्ही जुन्याच डब्यांत भरून वापरायचो. त्यामुळे कोरा डबा आणि शूट झालेला डबा दिसायला सारखेच. फरक फक्त मी चिकटवलेल्या चिठ्ठीचा. उजेड लागला की फिल्म बाद, म्हणून रीळ काळ्या कापडी पिशवीत चाचपडत भरायचं. 'कोरी' चिठ्ठीचा डबा त्या पिशवीत घातला, चेन लावली, पिशवीच्या बाह्यांतून कोपरापर्यंत हात आत. इलॅस्टिक घट्ट. डब्याची चिकटपट्टी सोलली, झाकण उचलणार... तर झाकणावर कोणीतरी तळवा ठेवला.

माझे दोन्ही हात मला कळत होते. हा तिसरा. थंड, खरखरीत. मी जोर लावला तर त्यानेही दाबलं. रागाने नाही... शेगडीकडे जाणारा पोराचा हात आपण अडवतो ना, तसं.

पट्टी परत दाबून मी हात बाहेर खेचले.

"काय रे, विंचू चावला?" काका म्हणाले.

"काका, एक मिनिट. डबे तपासतो."

"तपासतो? चिठ्ठ्या तूच लावल्यास ना?"

"म्हणूनच."

'शूट झालं' चिठ्ठीचा दुसरा डबा पिशवीत घालून उघडला. शूट झालेल्या रिळाचं टोक मी नेहमी दुमडून ठेवायचो. याचं टोक सरळ! म्हणजे कोरं हे होतं, आणि मघाशी मी सकाळचा शॉट उघडत होतो. घाईत चिठ्ठ्या उलट्या लागल्या होत्या. एकावर एक दोन शॉट छापले गेले असते — दोन्ही बाद, आणि माझी नोकरीही.

चूक कबूल केली. हाताचं बोललो नाही. काकांनी पाठीत धपाटा घातला. "वाचलास लेका. आणि आम्ही पण."

लॅबमधून रीळ धुऊन आलं. पडद्यावर उन्हाचा पट्टा तिच्या बोटांपर्यंत पोचला, तेव्हा कुठे मी नीट श्वास घेतला.

त्या पिशवीत दोन हातांपुरतीच जागा असते. खूप डोकं चालवलं, माझ्या फिजिक्सकडे उत्तर नाही. पुढे वीस वर्षं रिळं भरली. प्रत्येक वेळी झाकण उघडण्याआधी क्षणभर थांबायचो, कोणी दाबतंय का बघायला. कधीच कोणी दाबलं नाही. चिठ्ठ्या बरोबर असणार.